एकाच महिन्यात तीन थिसिस: भाषा, वारा आणि पेशंटचा आहार. तिघांना एकच फूटपट्टी लावायची का?

समासातली_रेघ
नमस्कार मंडळी. मी रिसर्च करणाऱ्या मुलांचे थिसिस तपासून देते, म्हणजे भाषा नीट करायची, तक्ते आणि मजकुरातले आकडे जुळतात का बघायचं आणि कुठे दावा फुगवलाय वाटलं की समासात रेघ मारायची. या महिन्यात तीन कामं एकदम आलीत आणि डोक्याचा पार भुगा झालाय.

पहिलं परक्या भाषेतले शब्द पाठ करण्यावर आहे, एका वर्गाने एका बैठकीत सगळे शब्द घोकायचे आणि दुसऱ्या वर्गाने तेच शब्द दिवस सोडून सोडून, मुलं तीसेक. दुसरं धुराच्या एका उंच चिमणीवर वाऱ्याचा दाब किती येतो त्यावर, त्यात विंड टनेलमध्ये (पंख्याने वारा सोडायच्या बोगद्यात) ठेवलेलं एकच मॉडेल आहे, सॅम्पल साईझ नाही, कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठीचा गट) नाही, पी व्हॅल्यूचं (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) तर नावच नाही. तिसरं ॲडमिट असलेल्या पेशंटना जादा प्रोटीन दिल्यावर पोषण सुधारतं का यावर, शंभराच्या आसपास पेशंट, आणि पोषण मोजलंय रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनवरून.

मी सवयीने तिघांनाही तेच विचारलं, सॅम्पल एवढंच का, कंट्रोल कुठाय. चिमणीवाल्या मुलाने उत्तर पाठवलं की "मॅडम चिमणी एकच बांधायचीये" 😅 आता मला सांगा, अशा तीन टोकांच्या विषयांना विचारता येईल असा एखादा कॉमन प्रश्न असतो का, की प्रत्येकाचा धर्म वेगळा म्हणून सोडून द्यायचं?

वारकरी_विंडवाला
त्या मुलाचं बरोबर आहे हो ताई 😄 आमच्याकडे शंभर चिमण्या बांधून पन्नास पाडून बघता येत नाहीत. पण म्हणून त्याला सोडू नका, त्याला सॅम्पल विचारण्याऐवजी मॉडेल आणि खरी चिमणी यांच्यात काय काय बदललंय ते विचारा, तिथे घाम फुटतो.

समजा मॉडेल 300 पट लहान आहे आणि टनेलमधला वारा खऱ्या वादळाच्या एक तृतीयांश वेगाचा, तर वेळसुद्धा 100 पटीने आखडते. म्हणजे टनेलमधले 36 सेकंद हा बाहेरचा एक तास झाला. त्याने 36 सेकंद मोजलं असेल तर त्याच्या हातात एकाच तासाचं वादळ आहे, आणि झोत कसेही येतात, पुढच्या 36 सेकंदात सगळ्यात मोठा झोत वेगळाच निघेल. तेव्हा अशा किती खेपा घेतल्या ते विचाराच, आमचं सॅम्पल तिथे लपलेलं असतं.

दुसरं म्हणजे रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे वाऱ्याचा वेग, वस्तूचा आकार आणि हवेचा चिकटपणा यांच्या प्रमाणाचा आकडा. वर धरलेल्या आकड्यांत तो खऱ्यापेक्षा 900 पट कमी येतो. चौकोनी बिल्डिंग असेल तर फारसं बिघडत नाही कारण वारा कोपऱ्यावरच सुटतो, म्हणजे भिंत सोडून वेगळा होतो, मॉडेल असो की खरी. पण चिमणी गोल! गोल अंगावरून वारा नक्की कुठे सुटणार हे या नंबरवरच ठरतं, म्हणून तो खऱ्यासारखा सुटावा यासाठी मॉडेलला बाहेरून खरखरीत करतात, वाळू चिकटवतात, बारीक पट्ट्या लावतात. त्याने काय केलंय ते लिहिलेलं नसेल तर तिथे तुमची रेघ मारा.

आणि आजूबाजूला काय होतं तेही विचारा. 1 नोव्हेंबर 1965 ला इंग्लंडात फेरीब्रिजच्या वीज केंद्रातले आठपैकी तीन कूलिंग टॉवर वाऱ्यात कोसळले, आणि पडले ते मागच्या रांगेतले, ज्यांना पुढच्यांचा आडोसा आहे असं कुणालाही वाटेल. डिझाईनसाठी धरलेला दाब एकट्या उभ्या टॉवरच्या टेस्टवरून घेतला होता, वाऱ्याचा वेगही मिनिटभराच्या सरासरीचा धरला होता, आणि प्रत्यक्षात पुढच्या टॉवरांमधून घुसळून आलेल्या वाऱ्याचे झोत काही सेकंदांचे. टेस्टमधला आकडा चुकीचा नव्हता, तो दुसऱ्याच परिस्थितीचा होता.

पथ्यपाणी
मी क्लिनिकल डाएटिशियन. तिसऱ्या थिसिसचं नुसतं वर्णन वाचूनच हात शिवशिवले. अल्ब्युमिन!! अजून!!

सोप्पं सांगते. अल्ब्युमिन लिव्हर बनवतं आणि त्याचं अर्धं आयुष्य (असलेल्यातलं निम्मं संपायला लागणारा वेळ) साधारण वीस दिवसांचं, त्यामुळे आठवडाभर चांगलं खायला घालून ते झटकन वर येईल ही अपेक्षाच चूक. वर इन्फेक्शन, ऑपरेशन, मोठी जखम असं काही झालं की ते रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं आणि लिव्हरही आपलं काम सीआरपीसारख्या, आजारात वाढणाऱ्या प्रोटीनकडे वळवतं, मग पेशंट घरी व्यवस्थित जेवत असला तरी अल्ब्युमिन खाली. उलट महिनोन् महिने उपाशी राहून हाडांचा सापळा झालेल्या पण अंगात इन्फेक्शनसारखा दाह नसलेल्या माणसाचं अल्ब्युमिन कितीदा नॉर्मल येतं. म्हणजे त्या मुलीने पोषण मोजलंच नाही, आजाराची धग मोजली. तिचे पेशंट आठव्या दिवशी बरे व्हायला लागले आणि अल्ब्युमिन वर गेलं तर श्रेय प्रोटीनला की अँटिबायोटिकला?

वजनही आंधळेपणाने घेऊ नका म्हणावं, सलाईन चढलं की दोन दिवसांत वजन वाढतं आणि ते पाणी असतं. गेल्या काही महिन्यांत वजन किती उतरलं, ताटातलं खरंच किती पोटात गेलं, हाताची पकड, स्नायू, हे बघायला हवं.

आणि "जास्त दिलं म्हणजे चांगलं" हेही गृहीत नको. 2011 ची बेल्जियममधली आयसीयूची ट्रायल बघा, 4640 पेशंट, एका गटाला शिरेतून पोषण पहिल्या 48 तासांत सुरू केलं आणि दुसऱ्याला आठव्या दिवसाआधी नाही. उशिरा दिलेल्यांना इन्फेक्शन कमी झाली आणि ते लवकर बाहेर पडले. नंतर 2019 ची स्वित्झर्लंडची, आयसीयू नाही, साध्या वॉर्डातली, आठ हॉस्पिटलं आणि दोन हजारांवर पेशंट, सगळे पोषणाचा धोका असलेले. तिथे प्रत्येकाचं गणित मांडून आहार दिला तर 30 दिवसांत मोठी गुंतागुंत, मृत्यू यांसारखे वाईट परिणाम 27 टक्क्यांवरून 23 वर आले, नुसते मृत्यू 10 वरून 7 वर. दोन्ही खरं. पेशंट वेगळे, वेळ वेगळी, आहार देण्याचा रस्ता वेगळा. तिच्या शंभर जणांत आयसीयूचे किती आणि वॉर्डचे किती हे एकत्र कालवलंय का ते बघा आधी.

समासातली_रेघ
@पथ्यपाणी बापरे, कालवलंय. तक्ता 2 मध्ये दोन्ही एकत्रच आहेत.

शब्दखुणा
भाषावाल्यांची बाजू मांडायला आलोय, मी स्वतः वर्गावर शिकवतो आणि असले प्रयोग करतो.

वर दोघांनी जे सांगितलं ते मला एकच वाटतंय, की जे हवंय ते मोजता येत नाही म्हणून त्याच्या बदल्यात काहीतरी मोजलं, तर त्या दोघांत अंतर किती. आमच्याकडे हा बदली खेळाडू म्हणजे लगेच घेतलेली चाचणी. एका बैठकीत घोकलेले शब्द त्याच संध्याकाळी विचारले तर घोकणारेच जिंकतात, शिकवणारा खूश, महिन्याने विचारा म्हणजे पाटी कोरी. म्हणून उशिराची चाचणी किती दिवसांनी घेतली ते बघा. शब्द ओळखणं आणि बोलताना तोंडात येणं हीसुद्धा दोन वेगळी कामं आहेत.

पण तुमच्या त्या "सॅम्पल एवढंच का" ची बाजू मी थोडी घेईन, फक्त ते वेगळ्या पद्धतीने विचारा. मुलं तीस असली तरी वर्ग दोनच आहेत ना? एक वर्ग सकाळचा, एक दुपारचा, किंवा शिक्षक वेगळे, मग फरक अंतर सोडून अभ्यास केल्याचा की दुपारच्या पेंगेचा? तो हिशोब तीस सुटी माणसं समजून केला असेल तर पी व्हॅल्यू कितीही देखणी असो, कामाची नाही. याउलट एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये जे छापलं ते एकाच माणसावर, तो माणूस तो स्वतः, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करत बसला होता. पाठ केलेलं काळानुसार किती विसरतं ती त्याची आलेखातली रेघ 2015 मध्ये ॲमस्टरडॅमला परत काढली, तीही एकाच माणसावर, आणि बरीचशी तशीच आली. एकाच माणसाला हजारदा मोजलं तर चालतं, पण दोन वर्गांना तीस मुलं म्हणून खपवलं तर नाही.

आणखी एक, इफेक्ट साईझ (म्हणजे फरक किती मोठा) वाचताना संख्याशास्त्रातल्या कोहेनचे लहान, मध्यम, मोठ्यासाठीचे 0.2, 0.5, 0.8 सरसकट लावू नका. प्लॉन्स्की आणि ओस्वाल्ड यांनी 2014 मध्ये दुसऱ्या भाषेच्या शिक्षणावरचे ढीगभर अभ्यास चाळून दोन गटांच्या तुलनेसाठी 0.4, 0.7 आणि 1.0 असे लहान, मध्यम, मोठे सुचवले. 0.5 ला "मध्यम परिणाम" म्हटलं असेल तर रेघ!

वारकरी_विंडवाला
@शब्दखुणा हजारदा मोजलेला एक माणूस आणि शंभर खेपा घेतलेलं एक मॉडेल, आपण भाऊबंद निघालो की. पण एक सांगू, तुमच्या माणसाला मोजता मोजता तो शिकतो, माझं मॉडेल तसंच राहतं. आमचं सुख एवढंच.

पथ्यपाणी
माझे पेशंट घरून आणलेला डबा लपवून खातात, तुम्ही दोघं भांडत बसा 🙄

समासातली_रेघ
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री तिन्ही परत उघडले. भाषेवाल्याने तीन आठवड्यांनी चाचणी घेतलीये, पण तोवर मुलं गळालीत आणि गळाली ती बहुतेक एकाच वर्गातली, हे मला पहिल्या वाचनात दिसलंच नव्हतं. प्रोटीनवालीला फोन केला, ती म्हणाली अल्ब्युमिन घेतलं कारण ते फाईलमध्ये आयतं होतं, पकड मोजायचं यंत्र मागितलं तर मिळालं नाही. आता ती निष्कर्षातला "पोषण सुधारते" हा शब्दप्रयोग काढायला तयार आहे, पण गाईड तयार नाहीत.

आणि चिमणीवाल्याने वाळूचा कागद कसा चिकटवला आणि किती खेपा घेतल्या ते सगळं परिशिष्टात व्यवस्थित लिहिलंय. परिशिष्ट मीच वाचलं नव्हतं. त्याला सॉरीचा मेल टाकलाय.

वारकरी_विंडवाला
शेजारी दुसरी चिमणी आहे का ते विचारलंत का?

समासातली_रेघ
विचारलं. "पुढच्या टप्प्यात येणार आहे" म्हणाला.