1672चा फ्रेंच शिपाई: कपडेपट कसा करावा?

पडद्यामागे: आमच्या एकांकिकेत 1672 साल आहे. चौदाव्या लुईची फौज हॉलंडवर चालून गेलीय आणि चार फ्रेंच शिपाई एका डच शेतकऱ्याच्या घरात ठाण मांडून बसलेत. ड्रेपरीवाल्याने निळे कोट, पांढरे पट्टे नि उंच टोप्या काढून दिल्या. मला ते नेपोलियनचे वाटतायत. बजेट तुटपुंजं. काय करू?

मागची_रांग: घ्या तेच. प्रेक्षकांत कोणाला कळणारे?

काजं_बटणं: मला कळेल, आणि मी तिकीट काढून येणार आहे! परत करा ते. फ्रेंच पायदळ सरसकट निळं झालं क्रांतीनंतर, 1793 पासून. तुमच्या काळात बहुतेकांच्या अंगावर न रंगवलेल्या लोकरीचा करडट पांढरा कोट. रंगाचा खर्च वाचायचा. तुमचाही वाचेल. जाडसर कोरा मांजरपाट आणा, आत अस्तर लावा म्हणजे लोकरीसारखा पडेल. गुडघ्यापर्यंत लांब, कॉलर नाही, बाह्या रुंद उलटवलेल्या. अस्तर तांबडं किंवा निळं घ्या, उलटलेल्या बाहीत तेच दिसतं. पलटणीची ओळख तिथे.

आणि कृपा करून चौघांना बँडवाल्यांसारखं एकसारखं शिवू नका. शिपायांचे कपडे कप्तान बघायचा. युद्धमंत्री लुव्हवा शिस्त लावत होता, पण सगळ्या पायदळाला एक गणवेश अजून आला नव्हता. एखाद्याला ठिगळाचा कोट द्या. तिकोनी टोपी नंतरची. इथे रुंद काठाची फेल्ट हॅट.

पडद्यामागे: बंदुकीला संगीन लावू?

काजं_बटणं: नको. तेव्हाची संगीन नळीच्या तोंडात खुपसायची, मग गोळी झाडता येत नसे. तीही मोजक्यांकडेच. तिघांना तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार उडवायच्या बंदुका, चौथ्याला भाला. फ्रेंच पायदळात भाले 1703 पर्यंत टिकले. फक्त खरा भाला चौदा-पंधरा फुटी, विंगेत अडकेल. कापून घ्या, मी ओरडणार नाही.

रंगपेटी: चित्रं बघायची तर व्हान डर म्यूलन या चित्रकाराची. लुईच्या मोहिमांवर स्वतः जायचा. पण त्याचे सरदार जवळ, शिपाई पार लांब ठिपक्यासारखे. दुसरा चित्रकार व्हातो, त्याचे शिपाई 1710च्या सुमाराचे, म्हणजे तुम्हाला उशिराचे. त्यांची थकून लोळायची ढब उचला, टोप्या नको.

पडद्यामागे: निळे परत केले. चार कोटांना सोळा मीटर मांजरपाट पुरेल?

काजं_बटणं: घेर मोठा असतो. वीस घ्या, आणि आधी धुऊन आटवा.