मदत हवी आहे: पोकरमध्ये दोघंच उरलो आणि चिप्स कमी, तर ऑल-इन (सगळ्या चिप्स एकदम लावणं) कधी?

नमस्कार मंडळी. इंदिरानगरला आम्ही पाचसहा जण दर शनिवारी होल्डेम (पोकरचा एक प्रकार) खेळतो. पैसे नाहीत, हरणारा रविवारी सगळ्यांना मिसळ खिलवतो. गेले तीन रविवार मीच.

परवा मी आणि मावसभाऊ उरलो. ब्लाइंड (पानं बघण्याआधी सक्तीने लावायच्या चिप्स, स्मॉल आणि बिग) 100/200, माझ्याकडे 1600, म्हणजे जेमतेम आठ बिग ब्लाइंड. बटण (पानं वाटणाऱ्याची खूण) माझ्याकडे, म्हणून स्मॉल ब्लाइंडही माझाच. हातात इस्पिक राजा, किलवर चौकी. ऑल-इन मारलं. भावाने छक्कीची जोडी उघडली, खेळ खल्लास. "राजा-चौकीवर कोण ऑल-इन मारतं रे!" हे अजून ऐकतोय.

माझं म्हणणं, आठ ब्लाइंडवर लिंप करत (फक्त बिग ब्लाइंडएवढंच भरत) बसलो तर ब्लाइंडच खाऊन टाकतात. ऑल-इनवर भाऊ पुष्कळदा फोल्ड करेल (पानं टाकून देईल), तो फायदा वेगळाच. चुकतंय का?

खरी अडचण उलट बाजूची. तेवढ्याच 1600 वर मी बिग ब्लाइंडवर, समोरून ऑल-इन आलं, तर 1800 साठी (त्याचे 1600, माझे आधीच लावलेले 200) आणखी 1400 टाकायचे. म्हणजे जिंकायची शक्यता 44 टक्के (3200 पैकी 1400) तरी हवी. पण राणी-सत्ती, गुलाम-नव्वी असल्या पानांना तेवढी असते का, हे बसल्या जागी कसं ओळखता? तक्ता पाठ न करता काही युक्ती?

शनिवारच्या आत सांगा.