हाफ मॅरेथॉनमध्ये मागे धावणाऱ्यांना पाणीच मिळत नाही, काय करावं? (नाशिक) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत आठ दिवस गेले, आज लिहूनच टाकते.

मी नाशिकची, इंदिरानगरला राहते, वय ४७, एका पतपेढीत नोकरी. २०१० साली दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये आपल्या कविता राऊतने १०,००० मीटरला ब्राँझ घेतलं तेव्हा लेक कडेवर होती, टीव्हीसमोर उभी राहून बघितलं होतं आणि तेव्हाच वाटलं होतं की आपण पण कधीतरी पळायचं. पण संसार, नोकरी, सासूबाईंचं आजारपण, राहून गेलं ते गेलंच. शेवटी चार वर्षांपूर्वी इथल्याच जॉगिंग ट्रॅकवर चालायला सुरुवात केली, मग चालता चालता पळायला लागले, आणि आता चार १० के (दहा किलोमीटरच्या रेस) आणि तीन हाफ झाल्यात. माझा वेग कमी आहे, किलोमीटरला साडेआठ ते नऊ मिनिटं. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण २१ किलोमीटर म्हणजे २१ किलोमीटरच, पुढच्याला पण तेवढेच आणि मला पण तेवढेच.

आता मुद्दा. जानेवारीत नाशिकमधलीच एक हाफ केली, नाव मुद्दाम देत नाही, मला भांडण करायचं नाहीये, पुढच्या वेळी काय करायचं ते कळून घ्यायचंय. गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे जायचं आणि त्याच रस्त्याने परत. कट-ऑफ, म्हणजे रेस संपवायची शेवटची मुदत, साडेतीन तास, तसं वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं. सहाला फ्लॅग-ऑफ, गर्दीमुळे मी स्टार्टच्या, वेळ नोंदवणाऱ्या मॅटवरून गेले तेव्हा ६:०६ झाले होते. थंडी कडाक्याची, तोंडातून वाफा निघत होत्या, त्यामुळे जाताना पाण्याची फारशी गरजच लागली नाही, एका ठिकाणी दोन घोट घेतले बस. पहिले ५ किमी चाळीस मिनिटांत झाले, म्हणजे माझ्यासाठी जरा जोरातच. यू-टर्नपर्यंत सगळं छान, ढोल होते, लोक टाळ्या वाजवत होते, एका सोसायटीच्या गेटवर आजीबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येकाला "शाब्बास" म्हणत होत्या.

परतताना आनंदवल्लीच्या अलीकडे १५ किमीची पाटी आली. घड्याळात ८:१२. ऊन आलं होतं, तोंड कोरडं पडलं होतं आणि मी मनात म्हणत होते की आता पाण्याचं टेबल आलं की ग्लासभर पाणी आणि संत्र्याची फोड. टेबल आलं, पण दोन मुलं त्याच्यावरचं प्लास्टिकचं कापड घडी घालत होती, एकाने या टोकाला धरलेलं आणि दुसऱ्याने त्या टोकाला, आपण चादरीची घालतो तशी. जार आडवे पडलेले, रस्त्यावर कागदी ग्लासांचा लगदा, पाय चिकटत होते. मी म्हटलं, "बाळा, पाणी?" तो म्हणाला, "काकू, संपलं हो, टेम्पो निघून गेला." कॉलेजचं पोरगं, एकोणीस-वीस वर्षांचं, चेहरा एवढासा झाला त्याचा. मग सॅकमधून स्वतःची बाटली काढून मला दिली. तळाशी दोन घोट होते. पहाटे चारपासून उभा होता म्हणाला, हातात पोह्यांचा पुडा तसाच, रबर पण काढलेलं नव्हतं. त्या मुलावर माझा अजिबात राग नाही, उलट तो जर हे वाचत असेल तर त्याला मनापासून थँक्यू.

१७ च्या टेबलावर तर कोणीच नव्हतं. बॅरिकेड्स उचललेले, रिक्षा आणि दूधवाले अंगावरून चाललेले, हॉर्नवर हॉर्न. पुढे डिव्हायडरवर एक काका बसले होते, पासष्टीचे असतील, पोटरीला गोळा आलेला, बोट लावू देत नव्हते. त्यांना उभं केलं, पाय ताणून दिला, आणि आम्ही दोघं हळूहळू चालत एका चहाच्या टपरीपर्यंत गेलो. टपरीवाल्या दादांनी काही न विचारता स्टीलच्या ग्लासात पाणी पुढे केलं, दोघांना दोन-दोन ग्लास, पैसे विचारले तर हात जोडले. काकांसाठी चिमूटभर मीठ पण दिलं. यात माझी आठेक मिनिटं गेली, त्याचं काही नाही, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा थांबेन.

फिनिशला पोचले तेव्हा ९:१८. म्हणजे सहापासून धरलं तरी ३:१८, कट-ऑफच्या बारा मिनिटं आत. आणि समोर काय, तर हवा भरलेल्या कमानीचा पंखा बंद केलेला, कमान एका बाजूला कलंडत होती आणि दोघं जण तिच्या दोऱ्या सोडत होते. मॅट तेवढी जागेवर होती, बीप वाजला, तो आवाज ऐकून मला रडूच आलं. मेडल संपली होती. "नाव लिहून जा, कुरिअरने पाठवू." वहीत माझ्या आधी तेवीस नावं होती, मोजली मी. लेक आणि मिस्टर उभे होते, लेकीने विचारलं, "आई, मेडल?" मी म्हटलं येईल. अजून आलेलं नाही.

मेडलचं राहू द्या एक वेळ. पण पाणी? पुढच्यांनी जेवढी फी भरली तेवढीच आम्ही भरली, आणि जो अडीच-तीन तास उन्हात रस्त्यावर असतो त्याला पाणी जास्त लागतं की दोन तासांत घरी जाणाऱ्याला? घरी येऊन मी हिशोब केला. साडेतीन तासांत २१.१ किमी म्हणजे किमीला जवळजवळ दहा मिनिटं. त्या हिशोबाने १५ ला ८:२९ पर्यंत पोचलं तरी चालायला पाहिजे. मी १७ मिनिटं आधी होते. मग टेबल कोणाच्या हिशोबाने उचललं?

तर माझे प्रश्न. कट-ऑफ नेमका कधीपासून धरतात, फ्लॅग-ऑफपासून की आपण मॅट ओलांडतो तेव्हापासून? नाव नोंदवायच्या आधी कसं ओळखायचं की ही रेस मागच्यांची काळजी घेते की नाही? स्वतःचं पाणी न्यायचं तर कमरेचा पट्टा बरा की पाठीवरची बॅग, आणि किती न्यायचं? आणि चौथा, ३:१२ वरून (मॅट ओलांडल्यापासूनची माझी वेळ) तीन तासांच्या आत यायला या वयात काय करावं? गुडघे चांगले आहेत, बीपी-शुगर नाही. मैत्रीण सातारा हिल हाफ मॅरेथॉनला चल म्हणतेय, जाऊ का?

कृपया "वेग वाढवा म्हणजे पाणी मिळेल" असं सांगू नका, ते दोन जणांनी सांगून झालंय.

प्रतिसाद

ताई, वाचून वाईट वाटलं. मी पाच-सहा रेसना पाण्याच्या टेबलावर व्हॉलंटियर म्हणून उभा राहिलोय, त्यामुळे त्या बाजूचं सांगतो, समर्थन म्हणून नाही. टेबल बहुतेक वेळा किमीच्या हिशोबाने उठत नाही, रस्ता बंद ठेवायची परवानगी किती वाजेपर्यंत आहे त्यावर उठतं. बंदोबस्त निघाला की टेम्पोवाला घाई करतो. आणि पाणी संपायचं कारण म्हणजे पुढची गर्दी, त्यात १० केवाले त्याच रस्त्यावर असतील तर बघायलाच नको, एक जण दोन-दोन ग्लास उचलतो, एक पितो, एक डोक्यावर ओततो. जार मोजून दिलेले असतात, आम्ही फोन करत राहतो.

म्हणून नाव नोंदवायच्या आधी आयोजकांना मेल करून तीन गोष्टी लेखी विचारा. कट-ऑफ गनपासून (म्हणजे फ्लॅग-ऑफपासून) की चिपपासून (म्हणजे तुम्ही मॅट ओलांडता तेव्हापासून), अधल्यामधल्या पॉइंटना वेगळा कट-ऑफ आहे का, आणि शेवटच्या धावपटूच्या मागे कोण असतं. ज्या रेसमध्ये शेवटच्या माणसाबरोबर एक व्हॉलंटियर आणि मागे ॲम्ब्युलन्स असते तिथे टेबलवाल्यांना पण सांगितलेलं असतं की ती गाडी जाईपर्यंत हलायचं नाही. उत्तरच आलं नाही तर ते पण उत्तरच समजा. कट-ऑफ बऱ्याच ठिकाणी गनपासूनच धरतात, म्हणजे तुमची ती सहा मिनिटं त्यांच्या हिशोबात तुमच्याकडूनच गेली. तरी तुम्ही आत होतात हे खरंच आहे.

प्रतिसाद

कमरेचा पट्टा घ्या ताई, २५० मिलीच्या दोन मऊ बाटल्यांचा. पाठीवरची बॅग हाफला जड होते आणि उन्हात पाठ भिजते. पट्टा कमरेवर नको, जरा खाली, हाडावर घट्ट बसवा म्हणजे उडत नाही, आणि रेसच्या दिवशी पहिल्यांदा बांधू नका, कातडी सोलते. एका बाटलीत साधं पाणी, एकीत ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं, ते अर्ध्या बाटलीत कोंबू नका, घरी लिटरभर करा आणि त्यातलं भरून न्या. तहान लागेल तसे दोन-तीन घोट. आणि उलटं पण लक्षात ठेवा, मागे राहणारे लोक प्रत्येक टेबलावर भीतीने पोटभर साधं पाणी पितात, त्याने रक्तातलं सोडियम खाली जातं, मळमळ, डोकं जड, ते पाणी कमी पडण्याइतकंच धोक्याचं. जाताना थंडी होती म्हणून तुम्ही जवळजवळ काहीच प्यायला नाहीत, तिथे पण थोडं चुकलंच. टपरीचा पत्ता सांगा, पुढच्या रविवारी तिथे चहा प्यायला जातो.

प्रतिसाद

मी ६१ वर्षांचा, माझी बेस्ट हाफ २:५१, तीही ५८ व्या वर्षी. वेगासाठी आधी पहिल्या पाच किलोमीटरकडे बघा. चाळीस मिनिटं म्हणजे किमीला आठ, आणि तीन तासांची हाफ होते किमीला ८:३० ने. तुम्ही सुरुवातीलाच उधळलात. थंडीत आणि ढोलाच्या आवाजात सगळ्यांचं होतं ते. पहिले पाच ४४ मिनिटांच्या आत करायचेच नाहीत असं ठरवा.

दुसरं, पळणं-चालणं ठरवून करा. जेफ गॅलोवे म्हणून अमेरिकन धावपटू, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले, त्यांनीच ही पद्धत लोकांना लावली. दमल्यावर चालायचं नाही, पहिल्या किलोमीटरपासून चालायचं. मी चार मिनिटं पळतो, एक मिनिट चालतो. लोक बघतात, बघू देत. १६ नंतर तेच लोक कडेला उभे असतात आणि माझे पाय शाबूत असतात. आठवड्यात एक दिवस पांडवलेणीच्या पायऱ्या चढा, उतरताना सावकाश.

सातारा या वर्षी नको. यवतेश्वरचा घाट आहे, पहिला अर्धा भाग चढच चढ आणि मग तोच रस्ता उतरायचा, उतारावर मांड्या आणि गुडघे निघतात. आधी सपाट रस्त्यावर तीनच्या आत या, मग चढाची सहा महिने तयारी करा, मग जा. जायचं मात्र नक्की. हिरवळीत आणि धुक्यात तो घाट बघायचा असतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार, खरंच. एवढं कोणी नीट सांगितलं नव्हतं.

काका, तुमचं ते पहिल्या पाच किमीचं अगदी बरोबर आहे. तिन्ही हाफचे आकडे काढून बघितले, तिन्ही वेळा पहिले पाच ४१ च्या आत आणि तिन्ही वेळा १५ नंतर घसरण. मी इतके दिवस सगळा दोष पाण्याला देत होते, त्यातला थोडा माझ्याकडे घेते. पाणी नसणं चूकच होती, ते मी सोडणार नाही, आयोजकांना तारीख-वेळ-किलोमीटर घालून मेल केलाय आणि वहीतल्या त्या तेवीस जणांपैकी तिघांशी ओळख निघाली, ते पण लिहिणार आहेत. व्हॉलंटियर दादा, तुमचे तीन प्रश्न पुढच्या रेसवाल्यांना कालच पाठवले. एकांचं लगेच उत्तर आलं, चिपपासून धरतो आणि शेवटच्या धावपटूमागे दोन सायकलवाले असतात म्हणाले. तिथेच नाव घालतेय.

टपरी आनंदवल्लीकडून शहराकडे येताना डाव्या हाताला, निळी ताडपत्री. दादांना सांगा मॅरेथॉनवाल्या काकूंनी पाठवलंय.

पट्टा आलाय. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला जेहान सर्कलवरून निघतेय, सोमेश्वरपर्यंत आणि परत, चार मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, घड्याळात लावून ठेवलंय. त्या बाजूला कोणी हळू पळणारं असेल तर या. केशरी टोपी असेल माझी, आणि एक बाटली जास्तीची घेऊन येते.