मस्टर्ड: बाटलीतली की घरी फेसलेली? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

झणका: ज्यांना नाकात चढणारी मस्टर्ड हवी, त्यांनी ती घरीच फेसावी. बाटलीतली कितीही भारी असली तरी तिचा झणका महिन्यागणिक ओसरतो. 50 ग्रॅम तपकिरी मोहरी कोरडीच दळा, 60 मिलि थंड पाण्यात कालवा, 10 मिनिटं थांबा. दाणा फुटून ओला झाला की मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) मोहरीतल्याच सिनिग्रिन या घटकावर काम करतं आणि झणका तयार होतो. मगच 2 मोठे चमचे व्हिनेगर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. आम्ल आधी घातलं तर मस्टर्ड मिळमिळीत होते. उकळतं पाणी तर नकोच. विकर निकामी होतं आणि कडवटपणा तेवढा उरतो.

दाणेदार: थंड पाण्याचं पटलं, आम्लाचं नाही. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पद्धतीत दाणे आंबट द्रावातच भिजवून वाटतात, तरी ती मस्टर्ड चांगली झणझणीत असते. आम्लाने विकराचा वेग मंदावतो, काम बंद पडत नाही. उलट झणका जास्त दिवस टिकतो.

आणि घरची मस्टर्ड पहिल्या दिवशी कडू लागते, हे तुम्ही लिहिलंच नाही. झाकण लावून 2-3 दिवस फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय तिची चव ठरवू नये. एवढं थांबायचं नसेल तर बाटलीच बरी.

झणका: कडवटपणाचं मान्य, ते राहिलं. पण बाटली निवडायची कशी? ‘दिजाँ’ लिहिलेलं असलं म्हणजे माल तिथलाच असतो असं नाही. ते पद्धतीचं नाव आहे, कुठेही वापरता येतं. भौगोलिक संरक्षण आहे ते ‘मुतार्द द बुर्गोन्य’ (म्हणजे बरगंडीची मस्टर्ड) या नावाला, 2009पासून, त्यात मोहरी आणि पांढरी वाइन दोन्ही फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातलीच लागतात.

दाणेदार: नावापेक्षा घटकांची यादी वाचा. पहिल्या दोन घटकांत मोहरी हवी. स्टार्च आणि साखर दिसली तर बाटली परत ठेवा.

पिवळा दाणा: दोघंही फक्त नाकाचा विचार करताय! पिवळ्या मोहरीत सिनिग्रिनऐवजी सिनाल्बिन असतं. तिचा तिखटपणा फारसा उडत नाही, जिभेवरच राहतो. निम्मी पिवळी, निम्मी तपकिरी घेतली तर दोन्ही मिळतं. मात्र पिवळ्याधमक रंगाला भुलू नका, तो बहुतेकदा हळदीचा असतो.

सॅलडच्या ड्रेसिंगला 1 छोटा चमचा मस्टर्ड, 1 मोठा चमचा व्हिनेगर, 3 मोठे चमचे तेल. तेल बारीक धारेनं घालत फेटा. एकदम ओतलं की फुटतं. गरम सॉसमध्ये मस्टर्ड आच बंद केल्यावरच घाला, कारण उकळीबरोबर झणका वाफेतून उडून जातो.

झणका: सॉसला म्हणूनच मी पिवळी घेणार नाही. आच बंद करून घातली तर तपकिरीही टिकते, आणि क्रीमच्या सॉसला नाकात चढणारी चवच लागते.

पिवळा दाणा: ताटात वाढेपर्यंत टिकते. सॉस पुन्हा गरम केलात की गेली.