गुडघ्यामुळे कंबर गेली, व्हीएकडे (अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं) सेकंडरी क्लेम होतो का?

टेक्ससची_सून: नवरा यूएस आर्मीत होता, ट्रेनिंगमध्ये डावा गुडघा गेला, त्याचं व्हीएकडून १० टक्के अपंगत्वाचं रेटिंग आहे. आता तीनेक वर्षं कंबर धरलीये, उजवा खुबा पण दुखतो. लंगडून लंगडून उजव्या बुटाची टाच पार झिजलीये आणि डावी अजून नव्यासारखी, जिना तर कठडा धरून आडवा उतरतो. पण कंबरेचं आर्मीच्या रेकॉर्डमध्ये काहीच नाही कारण तेव्हा दुखतच नव्हती, म्हणून तो म्हणतो क्लेम करून काय उपयोग. खरंय का?

जुना_सार्जंट: नाही वहिनी. सेकंडरीत, म्हणजे मंजूर दुखण्यामुळे झालेल्या दुसऱ्या दुखण्याच्या क्लेममध्ये, कंबर नोकरीत दुखली हे दाखवायचंच नसतं, गुडघ्यामुळे दुखायला लागली एवढं दाखवायचं. आधीचं दुखणं गुडघ्यामुळे वाढलं असेल तरी चालतं. आज आधी इंटेंट टू फाइल (क्लेम करणार असल्याची नोंद) टाका, पैसे जिथून मोजतात ती तारीख वर्षभर धरून राहते, मग क्लेमचा फॉर्म २१-५२६ईझेड सावकाश भरा.

कोकणी_मरीन: डॉक्टरचं पत्र नीट वाचून घ्या हां. माझ्यात "संबंध असू शकतो" एवढंच होतं, मी न वाचता जोडलं आणि क्लेम नाकारला. शक्यता निदान पन्नास टक्के आहे असं स्पष्ट पाहिजे, आणि का ते पण, म्हणजे चाल बिघडली, भार एका बाजूला आला वगैरे. मग नवीन पत्र घेऊन वर्षाच्या आत सप्लिमेंटल क्लेम (नव्या पुराव्यासह पुन्हा अर्ज) केला म्हणून जुनी तारीख टिकली.

जुना_सार्जंट: आणि तो गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन खातो का? त्याने पोटाला त्रास झाला असेल तर तोही सेकंडरीत बसतो. फक्त टक्क्यांची सरळ बेरीज करू नका. कंबरेला समजा २० मिळाले तर उरलेल्या ८० चे गुडघ्याचे १० टक्के म्हणजे ८, एकूण २८, ते गोल करून ३०. आणि पहिल्या क्लेमला पैसे मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका, डीएव्ही (अपंग माजी सैनिकांची संस्था) किंवा काउंटीचे सर्व्हिस ऑफिसर फुकट करून देतात.

टेक्ससची_सून: आयबुप्रोफेनची बाटली उशाशीच असते हो, आणि अॅसिडिटीची गोळी वेगळी 😑 मी काही लिहून देऊ शकते का?

कोकणी_मरीन: हो ताई, साक्षीदाराच्या निवेदनाचा फॉर्म २१-१०२१०. रोज डोळ्यांनी बघता तेच लिहा, निदान करायला जाऊ नका. जिन्याचं लिहा, बुटाचं तर नक्की लिहा.

टेक्ससची_सून: ते बूट परवाच कचऱ्यात टाकायला काढले होते, गॅरेजमधून परत आणते.