विशेष गरजा असलेली आपली मुले, त्यांची शाळा आणि आपण : अनुभव लिहावेत

माणगंगा

मंडळी, गेल्या शनिवारी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पालकसभा होती. धाकट्या जाऊबाईंना बरे नव्हते, म्हणून पुतणीची पालक या नात्याने मी गेले होते. शाळा व्यवस्थापन समितीची दोन वर्षांची मुदत संपल्यामुळे नवे सदस्य निवडायचे होते. मुख्याध्यापकांनी विचारले, "दिव्यांग मुलांचे पालक कोणी आले आहेत का?" मागच्या रांगेतील एका बाईने हात खांद्यापर्यंत वर नेला आणि पदर सावरल्यासारखे करून तो खाली घेतला. सर पुढच्या विषयाकडे वळले.

२०१२ साली त्याच खोलीत मीही असाच हात खाली घेतला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याचा उजवा हात आखडलेला असतो आणि बोलणे सावकाश आहे. पहिली-दुसरीत तो वर्गात बसत असे, सगळे त्याच्याशी प्रेमाने वागत, पण त्याला त्रास नको म्हणून गुरुजी त्याला काही विचारतच नसत. गट साधन केंद्रातून (तालुक्यातील शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रातून) पंधरा दिवसांनी एक विशेष शिक्षिका येत, व्हरांड्यात त्याला भेटत आणि नोंद करून पुढच्या शाळेला जात. तिसरीच्या सुरुवातीला मात्र त्यांनी मला, गुरुजींना आणि मुख्याध्यापकांना सतरंजीवर एकत्र बसवले आणि पहिला प्रश्न मला विचारला : "तो घरी काय काय करतो?" मला वाटले होते, त्याला काय येत नाही ते विचारतील. मी सांगितले की तो डाव्या हाताने शेंगदाण्यातले खडे वेचून काढतो आणि कोंबड्यांची अंडी ट्रेमध्ये भरताना किती खळगे रिकामे राहिले ते न चुकता सांगतो.

गुरुजी मान वर करून माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांच्या नोंदवहीत त्याच्यापुढे लिहिले होते, 'दहापर्यंत मोजता येत नाही'. दुसऱ्या दिवशी मी अंड्यांचा तीस खळग्यांचा कागदी ट्रे शाळेत दिला. पाच खळग्यांच्या दोन ओळी म्हणजे एक दशक, असे करून चिंचोक्यांवर गुरुजींनी त्याला दशक-एकक शिकवले. त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, म्हणजे त्याने काय आणि कसे शिकायचे हे ठरवणाऱ्या कागदात, पहिले उद्दिष्ट तेच लिहिले गेले, खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि दर तीन महिन्यांनी तो कागद पुन्हा काढायचा, असे ठरले.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित गटांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलेही त्या गटात आली, हे मला फार उशिरा कळले. ज्यांनी शाळेशी असे बसून बोलणे केले आहे, त्यांनी कृपया लिहावे. शाळा काय म्हणाली, तुम्ही काय म्हणालात आणि कागदावर काय उतरले, हे सांगितले तर मी त्या बाईंना जाऊन सांगेन.

वऱ्हाडी_बाप

ताई, माझा अनुभव उताराच्या रस्त्याचा, म्हणजे रॅम्पचा आहे. माझी मुलगी चाकाच्या खुर्चीवर असते. शाळेत रॅम्प बांधून झाला, त्याचा फोटो वर पाठवला गेला, आणि पहिल्याच दिवशी खुर्ची मागे घसरली. मी तिच्या मागे उभा होतो म्हणून निभावले.

मी गवंडीकाम करतो, त्यामुळे टेप माझ्या खिशातच असतो. जोते दोन फूट उंच होते आणि रॅम्पची लांबी आठ फूट भरली. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, असा नियम आहे, म्हणजे तो चोवीस फूट असायला हवा होता. मी भांडलो नाही. समितीच्या बैठकीत टेप घेऊन गेलो आणि सगळ्या सदस्यांना व्हरांड्यात नेऊन मोजून दाखवले. सरपंचांनी स्वतः टेपचे दुसरे टोक धरले होते. इतिवृत्तात मापे लिहून घ्या, एवढाच आग्रह मी धरला, कारण नुसते 'रॅम्प दुरुस्त करावा' असे लिहिले असते तर पुन्हा आठच फूट झाला असता. जागा अपुरी होती म्हणून मध्ये वळण देऊन तो बांधला आणि ते काम मीच केले, सिमेंट शाळेच्या अनुदानातून आले. शौचालयाच्या दाराची रुंदी मात्र अजून तशीच आहे. त्या दारातून खुर्ची जात नाही, त्यामुळे तिची आई रोज दुपारी बाराला शाळेत जाते.

मीनल_देशस्थ

आमची शाळा शहरातली, विनाअनुदानित. तिथे ही समिती कायद्याने लागू होत नाही, त्यामुळे बोलायचे कुणाशी, इथपासून सुरुवात होती.

मुलीला अध्ययन अक्षमता (हुशार असूनही वाचन-लेखनात येणारी अडचण) आहे हे आठवीत कळले. तोपर्यंत 'हुशार आहे पण लक्ष देत नाही' हा शेरा आम्ही सहा वर्षे वाचत होतो आणि, खेदाने लिहिते, त्यावर विश्वासही ठेवत होतो. सरकारी रुग्णालयात तपासण्या, बुद्ध्यंक चाचणी, पुन्हा पुढची तारीख, असे करत प्रमाणपत्र हाती यायला सात महिने लागले. दहावीच्या सवलतींचा अर्ज पालकांना थेट परीक्षा मंडळाकडे करता येत नाही, तो शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. त्यामुळे शाळेशी संबंध ताणलेले असले तरी तोडून चालत नाही.

आमचा मतभेद गणितावरून झाला. शाळेचे म्हणणे होते की तिने गणिताऐवजी खालच्या पातळीचे अंकगणित घ्यावे, म्हणजे निकालाची चिंता राहणार नाही. मुलीला पुढे वाणिज्य शाखेला जायचे होते आणि तिला गणित सोडायचे नव्हते. तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीला मी मुलीलाच घेऊन गेले. ती मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाली, "मला गणित येतं, मला प्रश्न वाचायला वेळ लागतो." बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी अंकगणिताचा अर्ज बाजूला ठेवला आणि तासाला वीस मिनिटे जादा वेळ व प्रश्न वाचून दाखवणारा लेखनिक, असा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. ती गणितात ५८ गुणांनी उत्तीर्ण झाली.

त्या दोन वर्षांच्या सगळ्या बैठकांत मुलीला कुणीच काही विचारले नव्हते आणि त्यात मीही होते, याचे मला आजही वाईट वाटते.

कोकणवाट

मीनलताई, लेखनिक कसा मिळवला ते लिहाल का? आमच्याकडे खालच्या वर्गातला विद्यार्थी हवा म्हणतात आणि नववीच्या मुलांचे पालक मार्च महिन्यात मुलाला पाठवायला तयार होत नाहीत.

मीनल_देशस्थ

कोकणवाट, आमच्याकडेही हीच अडचण आली होती. शाळेने दिवाळीनंतरच नववीच्या पालकांची सभा घेतली आणि लेखनिकाच्या स्वतःच्या परीक्षेचे वेळापत्रक सांभाळले जाईल, असे त्यांना लेखी दिले. दोन मुली तयार झाल्या. दोघींना आम्ही डिसेंबरपासून दर रविवारी घरी बोलावत असू, कारण माझी मुलगी कुठे थांबते आणि कुठला शब्द गिळते, हे सरावाशिवाय कळत नाही. आयत्या वेळी आलेल्या लेखनिकाबरोबर पेपर लिहिणे फार अवघड जाते.

सरोजिनी_ओंटारियो

माझा नातू इथे, कॅनडातील ओंटारियो प्रांतात, सरकारी शाळेत दुसरीत आहे. त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. इथे प्रत्येक शालेय मंडळाची ओळख-निश्चितीची एक समिती असते. मुलाची विशेष गरज कोणती आणि त्याला कोणत्या वर्गात ठेवायचे, हे ती ठरवते. पालकांनी लेखी मागणी केली की मुख्याध्यापकांना पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्या बैठकीला पालकांना आपल्या बाजूचे माणूस सोबत नेता येते. जागा निश्चित झाली की शाळेच्या कामाच्या तीस दिवसांच्या आत वैयक्तिक आराखडा तयार व्हावा लागतो आणि तो करताना पालकांशी विचारविनिमय करावाच लागतो.

एवढी व्यवस्था असूनही पहिल्या बैठकीत माझी सून एक शब्द बोलली नाही. समोर सहा माणसे, प्रत्येकापुढे जाड फाइल, आणि मुलाविषयीचे अहवाल वाचून दाखवले जात होते. त्यात एका शिक्षिकेने सुचवले की घरी मराठी बोलणे थांबवावे, म्हणजे त्याचा गोंधळ होणार नाही. घरी आल्यावर सून स्वयंपाकघरात रडली. मला इंग्रजी बेताचेच येते, म्हणजे माझ्या नातवाशी मी बोलायचेच नाही, असा त्याचा अर्थ होता.

पुढच्या बैठकीला ती सोबत एका अनुभवी पालक मैत्रिणीला घेऊन गेली. तिने एकच प्रश्न विचारला की ही सूचना कोणत्या तपासणीवरून केली आहे, ते कागदावर लिहून मिळेल का. वाचा-उपचारतज्ज्ञांनी तिथेच सांगितले की घरची भाषा सोडण्याचे काही कारण नाही. आता त्याच्या चित्रफलकावर, म्हणजे बोट दाखवून बोलण्याच्या फलकावर, 'पाणी', 'नको' आणि 'आजी' हे शब्द देवनागरीत चिकटवलेले आहेत. ते कार्ड मी माझ्या हाताने कापले.

पल्याडचा_किनारा

सरोजिनीकाकू, न्यू जर्सीत आम्हालाही मैत्रीण सोबत नेण्याचा सल्ला एका मराठी कुटुंबानेच दिला होता. इथे पालक आराखडा ठरवणाऱ्या गटाचे सदस्यच असतात, आराखड्याचा आढावा दर वर्षी होतो आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय पहिली तपासणी करता येत नाही. शिवाय प्रत्येक शालेय जिल्ह्यात विशेष शिक्षणासाठी पालकांचा सल्लागार गट असावा लागतो. मी त्यात तीन वर्षे आहे. सर्वाधिक वेळ बसच्या वेळा आणि मदतनिसांच्या नेमणुका यांवरच जातो, पण त्या बोलण्यानेच मुलांचा दिवस सुधारतो.

विशेष_शिक्षिका_१४वर्षे

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी तालुक्यात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याचे काम करते, कंत्राटी आहे, चौदा वर्षे झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरवले आहे. माझ्या यादीत आज ६४ मुले आहेत, तीही सव्वीस गावांत विखुरलेली. माणगंगाताईंच्या मुलाला पंधरा दिवसांनी व्हरांड्यात भेटून जाणारी ती बाई मीही अनेक मुलांसाठी आहे आणि त्याचे मला दुःख आहे.

पालक बैठकीला येत नाहीत, ही तक्रार आम्ही वर्षानुवर्षे केली. एकदा एका वडिलांनी सरळ सांगितले, "बाई, अकरा वाजता येतो म्हणजे दिवसाची मजुरी बुडते." तेव्हापासून त्या शाळेत मी आराखड्याची बैठक संध्याकाळी साडेपाचला, डेअरीला दूध घालून झाल्यावर घेते. नऊपैकी आठ घरांतून कोणी ना कोणी येते आणि त्यात वडीलही असतात. पालकांना माझी एक विनंती आहे की मूल घरी जे करते, त्याचा मोबाइलवर एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणावा. शाळेत न बोलणारी एक मुलगी शेळीशी पूर्ण वाक्यात बोलताना मी अशाच एका व्हिडिओत पाहिली आणि तिचा सगळा आराखडा मी नव्याने लिहिला.

तुळशीवृंदावन

आमची नात अंथरुणावरच असते, तिला गृहाधारित शिक्षण मिळते. बाईंच्या येण्याने घरात सणासारखे वाटते. दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता असतो, तो आम्हाला दोन वर्षे मिळाला नाही, कारण खाते आधारशी जोडलेले नव्हते आणि हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. विशेष शिक्षिकाताई, तुम्हाला नमस्कार. आता तांदूळ निवडायचे आहेत, बाकीचे रात्री वाचते.

अनामिक_पिता

सगळेच अनुभव गोड नसतात, म्हणून लिहितो. आमच्या मुलाच्या शाळेत आराखडा आधीच भरून आणला जात असे आणि 'इथे सही करा' म्हणून पुढे सरकवला जात असे. एका वर्षी त्यात दुसऱ्याच मुलाचे वय लिहिलेले होते. मी ते दाखवले, तेव्हा खाडाखोड करून पुन्हा तोच कागद पुढे आला. मी सही केली नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ प्रमाणे लक्षणीय (किमान ४० टक्के) अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आम्ही विशेष शाळा निवडली. नातेवाइकांनी 'हार मानली' म्हणून बोल लावले. तिथल्या बाईंनी पहिल्या आठवड्यात घरी येऊन तो कुठल्या बाजूला झोपतो आणि कुकरच्या शिट्टीला घाबरतो का, हे विचारले. सामान्य शाळेत हे कुणी विचारले असते, तर तो तिथेच राहिला असता.

माणगंगा

सर्वांचे मनापासून आभार. मुलाविषयी दोघातिघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे. तो आता वीस वर्षांचा आहे, बारावी झाला आणि पोल्ट्रीचा हिशेब तोच ठेवतो.

रविवारी त्या बाईंकडे जाऊन आले. त्यांच्या मुलीला ऐकू येत नाही आणि शाळेच्या नोंदीत तिच्यापुढे 'मंद' असे लिहिलेले आहे. हात खाली का घेतलात, असे विचारल्यावर म्हणाल्या, "नाव लागलं तर पुढं सोयरीक कशी जमायची?" त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि मी ते दिलेही नाही. तुमचे अनुभव मात्र वाचून दाखवले. टेपचा आणि शेळीचा त्यांनी दोनदा ऐकला. मुख्याध्यापकांनी बैठकीची वेळ साडेपाचची करायला होकार दिला आहे, सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत.

मुलीला काय काय येते याची यादी त्यांनी कालपासून करायला घेतली आहे. आत्ता फोनवर पहिली ओळ वाचून दाखवली : विहिरीवरची मोटार चालू आहे की बंद पडली, हे ती घरामागच्या पाइपावर तळहात ठेवून सांगते.