मदत हवी आहे: १०० एमबीपीएस असूनही क्लाउड गेमिंग रात्री अडखळतं (घणसोली, नवी मुंबई)

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाची बारावी यंदा संपली. गेमिंगचा लॅपटॉप किंवा कन्सोल घेणं आम्हाला सध्या शक्य नाही. घरात माझा जुना लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला. म्हणून त्याला एका क्लाउड गेमिंग सेवेचं महिन्याभराचं सबस्क्रिप्शन घेऊन दिलं. गेम त्यांच्या सर्व्हरवर चालतो, आपल्याकडे नुसता व्हिडिओ येतो आणि आपण दाबलेली बटणं तिकडे जातात, एवढं मला माहीत होतं. पहिल्या दिवशी दुपारी रेसिंगचा गेम इतका सुरेख चालला की आईसुद्धा मेथी निवडता निवडता बघत बसली.

रात्री साडेआठनंतर मात्र हाल होतात. गाडी वळणावर आली की चित्राचे चौकोन चौकोन होतात, मग सगळं थिजतं आणि पुन्हा हललं की गाडी कठड्यात गेलेली असते. भाऊ बटण वेळेवर दाबतो. मी शेजारी बसून त्याचा अंगठा बघितलाय.

आम्ही सिडकोच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. केबलवाल्याचं फायबर, १०० एमबीपीएस. वायर दारातून आत येते म्हणून राउटर तिथेच, चपलांच्या कपाटावर. लॅपटॉप आतल्या खोलीत. मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट.

रात्री दहालाही स्पीड टेस्ट ९० च्या वर दाखवते. जीफोर्स नाऊसारखी क्लाउड गेमिंग सेवा ७२०पी (साध्या) चित्राला १५ आणि १०८०पी (जास्त स्पष्ट) चित्राला २५ एमबीपीएस मागते, म्हणजे आमच्याकडे तिपटीहून जास्त आहे. त्याच वेळी यूट्यूब एकदाही अडत नाही. केबलवाला येऊन बघून गेला, "मॅडम, स्पीड तर फुल आहे" म्हणाला. त्यावर मी काय बोलणार?

जाणकारांनी कृपया सांगा, दुसरं कनेक्शन घेऊ की नवा राउटर? कनेक्शनला सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागताहेत आणि माझ्याकडे या कामासाठी तीन हजारच आहेत. शिवाय महापे-रबाळेची डेटा सेंटरं (सर्व्हर ठेवतात त्या इमारती) आमच्यापासून इतकी जवळ, तरी असं का व्हावं?

प्रतिसाद १

ताई, कनेक्शन बदलू नका. पैसे कुठेही घालायच्या आधी एक चाचणी करा.

यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच उतरवून ठेवतं, म्हणून मध्ये एखादा सेकंद नेट गेलं तरी कळत नाही. गेममध्ये तसा साठा करताच येत नाही, कारण पुढचं चित्र तुमच्या भावाने काय दाबलं त्यावर बनतं. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे साधारण १७ मिलिसेकंदांना एक. वाटेत २०० मिलिसेकंदांचा खोळंबा झाला की बारा चित्रं उशिरा आली. स्पीड टेस्ट सरासरी दाखवते, हे खोळंबे त्यात दिसत नाहीत.

रात्री नऊला त्याच लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्याला सतत पिंग लावा, म्हणजे निरोप जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते दिसेल. पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो. आकडे तिथेच उड्या मारत असतील तर दुखणं घरातलं आहे, केबलवाल्याचं नाही.

डेटा सेंटर जवळ असण्याचा फारसा उपयोग नाही. तुमची सेवा तिथेच असेल असं नाही, आणि असली तरी तुमच्या केबलवाल्याचं नेटवर्क कुठल्या वाटेने तिथे पोचतं यावर सगळं ठरतं.

प्रतिसाद २

कंट्रोलर ब्लूटूथवर आहे का? ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय रेडिओ लहरींच्या एकाच पट्ट्यात चालतात, त्यामुळे एकमेकांना अडवतात. यूएसबी वायरने लावून बघा. आणि पॅकेज महिन्याचंच ठेवा. गूगलची क्लाउड गेमिंग सेवा स्टेडिया १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली. गूगलने गेमचे पैसे परत केले, पण प्रत्येक कंपनी करेलच याची खात्री नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री नऊला पिंग लावलं. २, ३, २, १४८, ४, २, २१२ मिलिसेकंद. राउटरपर्यंतच! म्हणजे केबलवाला खरं बोलत होता. फोनवर ॲप टाकून पाहिलं तर आतल्या खोलीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची ३१ वायफाय दिसली, बहुतेक २.४ वर. दुपारी सगळे कामावर असतात, रात्री सगळे घरी. आमच्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टाही आहे, पण कपाटाच्या पलीकडे तो इतका क्षीण होतो की लॅपटॉप आपोआप २.४ वर जातो.

आज मैत्रिणीकडून १५ मीटरची लॅनची वायर आणून लॅपटॉप थेट राउटरला जोडला आणि कंट्रोलरही वायरने जोडला. पिंग सलग १ वर. भाऊ दोन तास खेळला, एकदाच किंचित अडखळलं. बाबांनी मधल्या खोलीतून दोनदा विचारलं, "आज ओरडत का नाहीये हा?"

आता एकच अडचण उरली आहे. वायर उंबऱ्यावरून जाते आणि आजी रात्री उठते. तिचा पाय अडकायला नको. भिंत फोडायची परवानगी नाही. काय करावं?

प्रतिसाद १

उंबऱ्यावरून नकोच. चौकटीच्या कडेने वर न्या, वरून आडवी आणि पलीकडे खाली. इलेक्ट्रिकच्या दुकानात वायर झाकायची केसिंग-पट्टी मिळते, मागे दुहेरी टेप लावून चिकटवा. आधी दोरीने माप घ्या, चौकट धरून १५ मीटर पुरते का ते बघा. आजी उठायच्या आत, आजच करा.